छपाईस हरकत नाही

"अगं, ही उलटी आहे का?" चिमटी म्हणाली, आणि एवढंच म्हणून पुन्हा दप्तरातल्या बिस्किटांच्या पुड्यात हात घालायला लागली, जसं काही झालंच नव्हतं. गुरुवारचा शेवटचा तास होता, संगणकाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो आणि सव्वीस यंत्रांपैकी पहिल्या यंत्रावर मी नुकतीच माझी थीम चढवली होती. उरलेल्या पंचवीसांवर ती उद्या चढायची होती, आणि परवा, शनिवारी, शाळेच्या प्रदर्शनात, भरल्या सभागृहात, मी (मी!) माइकसमोर उभी राहून पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलणार होते. चिमटी म्हणजे माझ्या बाकावरची. आधी चिमटा काढते आणि मग बोलते म्हणून चिमटी. तिला म्हटलं होतं, हात लावून बघ, कुठंही क्लिक कर, घाबरू नकोस, काही मोडत नाही. काय रुबाबात म्हटलं होतं! तिनं एक फाइल उचलली आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. नको असलेल्या गोष्टी टाकायची टोपली. मी स्वतः काढलेली, वेताची, चुरगळलेले कागद काठावरून खाली लोंबणारी. फाइल आत पडली आणि टोपली एकदम रिकामी झाली. तळाचं विणकाम दिसेल इतकी स्वच्छ. चिमटीनं फाइल परत बाहेर काढली, टोपली तुडुंब. टाकली; रिकामी. काढली, तुडुंब. "टाकलं की रिकामी, काढलं की भरलेली," ती तोंडातल्या बिस्किटासकट म्हणाली, "आमचा खाऊचा डबा असा असता तर मी जन्मात घराबाहेर पडले नसते." मी हसले. "मुद्दाम केलंय," मी म्हणाले. "गंमत म्हणून." माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि मला वाटलं त्या आता बाहेरून दिसताहेत, लाल, दोन दिव्यांसारख्या.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं. थीम म्हणजे काही फार मोठी गोष्ट नसते. यंत्र तेच, आतलं सगळं तेच, फक्त वरचं रूप आपलं. संगणकाच्या बाई म्हणतात, भिंतीला रंग दिला म्हणून खोली मोठी होत नाही, पण त्या खोलीत बसावंसं वाटतं. माझ्या थीममध्ये मागचं चित्र म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार फोटो, घड्याळाबरोबर आपोआप बदलणारे. फोल्डर म्हणजे आमचा झाकणाला पोचा आलेला पत्र्याचा डबा. बाण म्हणजे लाल पेनचं टोक. यंत्र विचार करत असलं की तापत ठेवलेलं दुधाचं पातेलं, त्यावरची साय थरथरते. आणि टोपलीची दोन चित्रं, एक रिकामी असतानाचं, एक भरलेली असतानाचं. भरलेली काढायला जास्त मजा येणार होती म्हणून मी ती आधी काढली आणि नाव दिलं 'टोपली १'. मग लावताना पहिल्या रकान्यात पहिली लावली. पहिला रकाना रिकामीचा होता. बस. एवढंच. सात महिन्यांत मला स्वतःला कसं दिसलं नाही याचंही उत्तर माझ्याकडे होतं आणि ते जरा लाजिरवाणं होतं: मी कधी टोपलीत काही टाकतच नाही. मला नको असलेलं मी दोन बटणं एकदम दाबून थेट कायमचं नाहीसं करते. चुकलेलं काही मागं उरलेलं मला बघवत नाही, टोपलीतसुद्धा. म्हणून माझी टोपली खरं तर कायम रिकामी होती आणि दिसायची कायम भरलेली, आणि मी रोज तिच्याकडे बघून मनात म्हणायचे, असेल काहीतरी टाकलेलं.

आणि मग मला आई आठवली. तिच्याही यंत्रावर सात महिने हीच थीम आहे, म्हणजे आहे असं ती सांगते, आणि ती त्या यंत्रासमोर रोज आठ तास बसते. माझी आई छापखान्यात मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायच्या आधी त्याची पानं तिच्याकडे येतात आणि ती त्यातल्या चुका शोधते, आधी कागदावर, मग पडद्यावर. ते तिचं काम आहे म्हणण्यापेक्षा तो तिचा श्वास आहे. औषधाच्या बाटलीवरचा कागद, बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका, माझी गृहपाठाची वही, जे समोर येईल त्यात तिला चूक दिसते आणि दिसली की तिच्या तोंडातून आवाज येतो: "च्च." जीभ टाळूला लागून सुटल्याचा. रागाचा नाही. एखाद्याला उचकी लागते तसा. छापखान्याचे मालक म्हणतात, यांच्या नजरेखालून मुंगी गेली तर तिचे पाय मोजून घेतले जातात. आणि सगळं तपासून झालं, एकही चूक उरली नाही, की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ती लाल शाईनं लिहिते, 'छपाईस हरकत नाही', आणि खाली तिची बारीकशी सही. उरलेली असेल तर लिहीत नाही. एकदा एका अनुस्वारासाठी तिनं सबंध छपाईयंत्र तासभर थांबवलं होतं, मालक येरझाऱ्या घालत होते, लेखकमहाशय फोनवर म्हणत होते जाऊ द्या हो, आणि ही पेनला टोपण लावून बसली होती. बाबांचं तसं नाही. बाबा फिरतीच्या नोकरीवर, रविवारी येतात आणि येतानाच 'वा' घेऊन येतात. माझ्या चित्राला वा, पोळीच्या आकाराला वा, मांजरीलासुद्धा वा. बाबांचं वा मी कधी मनावर घेतलं नाही. पण आईनं माझी थीम आठवडाभर वापरून एका चिठ्ठीवर ते तीन शब्द लिहून दिले होते, लाल शाईत, सहीसकट. ती चिठ्ठी माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. पेपराच्या आधी मी पेटी उघडते ती पेन्सिलीसाठी नाही.

म्हणजे एकच गोष्ट शक्य होती. आईनं माझी थीम कधी लावलीच नाही. वापरली असती तर पहिल्या दहा मिनिटांत तिला टोपली दिसली असती; चिमटीला दिसली, आणि चिमटीला फळ्यावरचं दिसत नाही. दुसरी एखादी शक्यता माझ्या डोक्यात आली नाही. खरंच सांगते, शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत ती दाराबाहेर उभी असणार, पण मी दार उघडलं नाही. मी म्हणत होते, खोटारडी. आठ तास त्या कोऱ्या निळ्या पडद्यासमोर बसते आणि घरी येऊन सांगते, आज संध्याकाळची खिडकी लागली तेव्हा उठले गं. मी छापखान्यात याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा फोन करून, आणि दोन्ही वेळा पडद्यावर माझी खिडकी होती. चढवायला काय, अर्धं मिनिट पुरतं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण नाही का खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगाखाली सारत! म्हणून आज मी फोन केला नाही. चौकात किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या पाटीवर 'बनवून मिळतिल' असं लिहिलंय, ती ऱ्हस्व, आणि त्या पाटीखालून जाताना लहानपणापासून दर वेळी माझा हात धरलेल्या आईच्या तोंडून च्च निघायचं. आज ते माझ्या तोंडून निघालं. दुकानातल्या माणसानं वर बघितलं. त्याला वाटलं मी त्याला बोलावतेय.

आठवीत माझं बोलणं बंद झालं होतं. एकदम नाही. निबंध वाचून दाखवायचा होता, 'माझी खोली', आणि तिसऱ्या वाक्यात एका शब्दावर मला वाटलं की तो चुकलाय. कुठला शब्द ते आज आठवत नाही, बहुतेक तो बरोबरच होता. पण माझ्या डोक्यात च्च झालं आणि मी थांबले. पंखा फिरत होता. बेचाळीस मुलं. पुढचा शब्द वहीत मला दिसत होता, तो तोंडाशी येत होता आणि प्रत्येक वेळी आतून च्च, च्च, जसा कुणी गॅसचा लायटर दाबतंय आणि ज्योत काही पेटत नाहीये. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. त्यानंतर मी मानेनं बोलायला लागले. हो म्हणजे खाली, नाही म्हणजे बाजूला. फार सोपं असतं ते, मानेत शुद्धलेखन नसतं. दोन महिन्यांनी वर्गशिक्षिका बाईंनी आईला बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दाराच्या फटीतून मला आईच्या चपला दिसत होत्या. बाई बोलत होत्या आणि आईच्या पायाची बोटं चपलेत आत वळत होती, एकेक करून, मूठ वळावी तशी. परत येताना आई काही बोलली नाही. किल्लीवाल्याच्या पाटीखालूनही काही बोलली नाही. ते मला तेव्हासुद्धा जाणवलं होतं. मला वाटलं, दमली असेल.

मग सुट्टी लागली आणि मी थीम केली. कुणी सांगितलं नव्हतं, घरचं जुनं यंत्र होतं आणि मला बोलायचं नव्हतं, आणि चित्रं काढायला, फोटो घासूनपुसून नीट करायला बोलावं लागत नाही. आवाजांपाशी आल्यावर मला ती कल्पना सुचली, माझी सगळ्यांत भारी कल्पना. यंत्राचं काही चुकलं की ते टुंग असा आवाज करतं. त्या टुंगच्या जागी मला आईचा च्च हवा होता. पण मागून मिळणारा च्च खरा नसतो. म्हणून मी फोनवर आवाज टिपायला लावून तो साखरेच्या बरणीमागे ठेवला आणि सामानाच्या यादीत मुद्दाम 'दुध' लिहिलं. आई आली, यादी वाचली. च्च. आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं तिला शिंक येतेय. मी पळत खोलीत गेले आणि तो एवढासा आवाज कापून घेतला, अर्ध्या सेकंदाचासुद्धा नाही, आणि पन्नासदा ऐकला, आणि पन्नासाव्यांदा मी मोठ्यानं हसले. डोक्यातला च्च आता यंत्रात गेला होता. बाहेर. बटण दाबलं की बंद. आता चौकातून पुढे आल्यावर मी मोजायला लागले, त्यानंतर आईचा च्च मी कधी ऐकला? पाट्यांवर ऐकला. वर्तमानपत्रावर ऐकला. माझ्यावर? माझ्या वहीवर, माझ्या बोलण्यावर, मी कढईतल्या भाजीत दोनदा टाकलेल्या मिठावर? एकदाही नाही. सात महिन्यांत एकदाही नाही, आणि मी काय समजले होते? मी समजले होते की मी चुकायची थांबले.

आणि कशी सुटले होते मी! वर्गात हात वर, उत्तर येवो न येवो. वादविवादात तिसरी. वर्गप्रमुख. सहलीच्या बसमध्ये मागच्या बाकावरून पुढच्या बाकापर्यंत माझाच आवाज. चिमटी म्हणायची, तुला पूर्वीचीच ठेवायला हवी होती, निदान डबा शांतपणे खाता यायचा. मी स्वतःचे केस स्वतः कापले आणि आईला विचारलं कसे दिसतात, आई म्हणाली, छान. सोमवारी शनिवारचं भाषण टाइप करून तिला दाखवलं, तिनं उभ्याउभ्या वाचलं, खाली लिहिलं, छपाईस हरकत नाही. उभ्याउभ्या! आई कधी काही उभ्यानं वाचत नाही. ती बसते, चष्मा पुसते, पानाखाली पट्टी ठेवते. हे मला सोमवारी दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. टोपलीसारखंच दिसलं होतं.

छापखान्याचं दार ढकललं की आधी शाईचा वास येतो, मग यंत्राचा धडधडाट, मग माणसं. आईची खुर्ची रिकामी होती, पाठीवर तिची शाल, टेबलावर पट्टी आणि टोपण काढलेलं लाल पेन, म्हणजे ती जवळच कुठंतरी गेली होती. आणि पडद्यावर माझी खिडकी होती. पावणेपाच वाजले होते आणि खिडकीत बरोबर संध्याकाळ होती, समोरच्या भिंतीवर तिरपं ऊन. मी फोन केला नव्हता. कुणाला माहीत नव्हतं. तरी ती होती. एक क्षणभर (तो क्षण मला अजून आठवतो, कारण तेवढाच होता) मी इतकी खूष झाले की शालीला हात लावला. वापरते! रोज वापरते! आणि मग मी कोपऱ्यात बघितलं. टोपलीच्या खाली पडद्याच्या काचेवर एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. लाल शाई. आईचं अक्षर, गोल, सरळ रेषेत. 'भरलेली = रिकामी. रिकामी = भरलेली.' आणि टोपलीकडे बाण. पट्टीची कड पिवळी पडली होती. तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी होती, तिच्याखाली जुनी चिकटपट्टी, तिच्याखाली आणखी जुनी. तीन थर. मी दोनदा आले होते. दोनदा ती काढली होती, आणि मी गेल्यावर दोनदा परत लावली होती.

"अरे, तू? आज फोन न करता?" शेजारच्या टेबलावरून मांडणीवाले काका म्हणाले. पुस्तकाची पानं पडद्यावर जुळवतात ते. गोल पोट, कानावर पेन्सिल, आईचे वीस वर्षांचे शेजारी. बोलता बोलता ते उठले आणि अगदी सहज, जसं टेबलावरची धूळ झटकावी, त्यांचा हात त्या पट्टीकडे गेला.

"राहू द्या काका. वाचली मी."

त्यांचा हात हवेत थांबला, मग त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. "अगं, त्यात काय एवढं. मधे आई आजारी होती ना दोन दिवस, तेव्हा बदलीवर आलेल्या माणसानं टोपली भरलेली दिसतेय म्हणून पाच वेळा रिकामी केली. आम्ही हसून हसून..."

"तुम्हाला पण माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. मालकांनासुद्धा. आईनं सक्त ताकीद दिलीय तुझ्या, पोरीसमोर कुणी तोंड उघडायचं नाही." ते हसत होते. हसणं चांगलं होतं, त्यात काही वाईट नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "आणि तो तुझा च्च! हुबेहूब. पहिले दोन दिवस कळायचंच नाही, तुझ्या आई बोलल्या की यंत्र बोललं. मग त्यांनी आवाजच बंद करून टाकला. म्हणाल्या, काकांना दोन दोन नकोत."

म्हणजे ज्या टेबलापाशी मी दोनदा येऊन, कमरेवर हात ठेवून, खिडक्या कशा बदलतात ते सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, तिथं सगळे गोल करून उभे होते, मालकसुद्धा, आणि प्रत्येकाच्या नजरेला त्या कोपऱ्यात न बघण्याची ताकीद होती. मला त्या दिवशीचे त्यांचे चेहरे आठवले. किती लक्ष देऊन ऐकत होते! लहान बाळ पहिलं पाऊल टाकताना घरातले सगळे श्वास रोखून बघतात ना, तसे. मी पंधरा वर्षांची आहे.

आई आतून आली, हातात पानांचा गठ्ठा, चष्मा कपाळावर. तिनं मला बघितलं, मग पट्टीकडे बघितलं, मग काकांकडे. काका म्हणाले, मी चहाचं बघतो, आणि दोन भरलेले कप टेबलावर असताना चहाचं बघायला गेले.

"कधी आलीस?"

"तुला कधी कळलं?"

कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही. गठ्ठा खाली ठेवला, कडा जुळवल्या. "पहिल्याच दिवशी. दहाएक मिनिटांत."

"आणि लिहून दिलंस."

"हो."

"छपाईस हरकत नाही, म्हणून लिहून दिलंस. लाल शाईनं. सही करून."

"अगं, ते घरातलं होतं बाळा. पुस्तक थोडंच होतं ते."

मला वाटतं ती दुसरं काहीही म्हणाली असती तर चाललं असतं. विसरले म्हणाली असती, दिसलं नाही म्हणाली असती. पुस्तक थोडंच होतं ते. परक्या माणसानं लिहिलेल्या अनुस्वारासाठी यंत्र थांबवायचं, आणि मी अख्खं घर काढलं, आपली खिडकी, आपला डबा, तिचा आवाज, ते काय, चालतंय. मी म्हणाले, "मला सांगायचं तरी. एक वाक्य. टोपली उलटी लागलीय गं. किती सेकंद लागतात? चिमटीला दोन लागले."

"बाई म्हणाल्या होत्या," आई हळू म्हणाली.

"कुठल्या बाई?"

"तुझ्या वर्गशिक्षिका. म्हणाल्या, ती चुकेल म्हणून बोलत नाही. वर्षभर तिच्या चुका काढू नका. काय दाखवेल ते छान म्हणा. आणि तू... तू त्या दिवशी खोलीत एकटीच मोठ्यानं हसलीस. चार महिन्यांनी. मी बाहेर उभी होते." तिनं गठ्ठ्याची कड पुन्हा जुळवली. "मग मी कशी सांगणार होते, टोपली?"

"वर्षभर," मी म्हणाले. "म्हणजे अजून किती राहिले?"

मी ते टोचायला म्हटलं होतं. पण आईनं मोजलं. खरोखर मोजलं, ओठ हलवून. "तीन महिने," ती म्हणाली.

मला वाटलं होतं मी रडेन किंवा ओरडेन, ओरडायची तर मला आता चांगली सवय होती. पण मी मागं जात होते, एकेक दिवस, आणि जो दिवस उचलावा त्याच्याखाली एक पट्टी चिकटवलेली निघत होती. वर्गप्रमुख मला कुणी केलं? बाईंनी. वादविवादात माझं नाव कुणी घातलं? बाईंनी. केस छान होते का? शनिवारचं भाषण बरं होतं का? बाबांना माहीत असणारच. म्हणजे बाबांचं वा तेवढं खरं होतं, कारण ते सगळ्यांना सारखंच होतं. सगळ्यांनी मिळून माझ्यावर एक थीम चढवली होती, बारा महिन्यांच्या बोलीनं, आणि मी नव्या खिडक्या दाखवत सगळीकडे फिरत होते. आणि आत? आत ती तिसऱ्या वाक्यावर उभी असलेली मुलगी तशीच उभी होती का, पंख्याखाली? मी तिला शोधलं. मला खरंच कळेना. मी दप्तरातून भाषणाचा कागद काढला, खालच्या कोपऱ्यातल्या त्या तीन लाल शब्दांसकट, आणि आईसमोर ठेवला.

"वाच."

"वाचलंय गं मी."

"बसून वाच."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसली. चष्मा कपाळावरून काढला, शालीच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर लावला. पानाखाली पट्टी ठेवली. आणि तिचा चेहरा बदलला. सात महिने जो चेहरा मी पाहत होते, मऊ, मान हलवणारा, तो कुणीतरी ओढून काढल्यासारखा गेला आणि त्याखालून माझ्या लहानपणचा निघाला, भुवया जवळ, ओठ घट्ट. पहिल्याच ओळीत पेन दोनदा टेकलं. दुसरीत एकदा. ऱ्हस्व. दीर्घ. इथं दोन वाक्यं करायला हवीत. 'अतिशय' तीनदा आलाय. समास लाल होत गेला आणि मी डोळे न हलवता खुणा मोजत राहिले. एकोणिसानंतर मी मोजायचं सोडलं. पण एक गंमत झाली, तेव्हा लक्षात आली नाही, नंतर आली: तिनं तपासलेलं वाक्य मी मनात वाचायचे आणि ते चांगलं लागायचं. माझंच असायचं, पण उभं राहिलेलं.

शेवटच्या परिच्छेदाशी पट्टी थांबली. तिथं मी लिहिलं होतं: 'माझी आई मुद्रितशोधक आहे. तिच्या नजरेतून माझी एकही चूक सुटत नाही.' शुद्धलेखन बरोबर होतं. पूर्णविराम जागच्या जागी होते. पेन त्या ओळीच्या वर तसंच राहिलं, किती तरी वेळ, टोकावर शाईचा थेंब जमायला लागला. त्यांच्या कामात एक पद्धत आहे. चूक आहे की लेखकाला तसंच म्हणायचं आहे हे ठरवता येत नसेल, तर मुद्रितशोधकानं हात लावायचा नसतो. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि पान लेखकाकडे परत पाठवायचं. आईनं त्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह केलं. लहानसं. मग खालचे 'छपाईस हरकत नाही' हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले, सहीसकट, आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर पेन ठेवलं, टोक स्वतःकडे, मूठ माझ्याकडे.

लेखक मी होते. शनिवारच्या पाच मिनिटांतलं एक वाक्य कमी होणार होतं. मी पेन उचललं आणि त्या वाक्यावरून रेघ ओढली, सावकाश, अक्षराअक्षरावरून, मग समासात काढून टाकण्याची खूण केली, ती वेलांटीसारखी शेपूट असलेली, जी मला अक्षरं यायच्या आधी यायची, कारण आई कामं घरी आणायची तेव्हा मी तिच्या मांडीवर बसून वर्तमानपत्राच्या कडेला तीच गिरवायचे.

"च्च."

मी आधी पडद्याकडे बघितलं. मग आठवलं, त्याचा आवाज तर बंद आहे.

"शेपूट उलटी काढलीस," आई म्हणाली.